सहअवलंबित्वासाठी योग्य मानसोपचारतज्ज्ञ कसा शोधावा? (नाशिक परिसर)

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार. मी चाळिशीच्या आसपासची असून नाशिकमध्ये एका पतसंस्थेत नोकरी करते. धाकटा भाऊ संगमनेरला आईजवळ राहतो. तो बरीच वर्षे दारू पितो. मध्यंतरी व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, काही महिने चांगले गेले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. प्रश्न मात्र त्याच्याविषयी नसून माझ्याविषयी आहे.

त्याच्या दुचाकीच्या कर्जाचे हप्ते मी भरते. तो कामावर गेला नाही की त्याच्या मालकांना ‘ताप आहे’ असे फोन करून सांगणारी मीच. रात्री फोन उशाशी, आवाज पूर्ण वाढवून ठेवते आणि आईचा फोन नाही आला तरी दोन वाजता उठून तो शेवटचा ऑनलाइन कधी होता हे पाहते. तो बरा असला की मी बरी असते, तो बिघडला की माझे घर, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास सगळे विस्कटते. नवऱ्याने आजवर एका शब्दाने विरोध केला नाही, पण मागे एकदा तो शांतपणे म्हणाला, “त्याच्यासाठी डॉक्टर खूप शोधलेस, आता एक स्वतःसाठी शोध.”

वाचनातून या अवस्थेला सहअवलंबित्व किंवा कोडिपेंडन्सी म्हणतात असे समजले. त्यावर उपचार करणारे कोण, हे मात्र कळत नाही. एका समुपदेशकांकडे गेले, तर त्यांनी सगळा वेळ भावाचीच माहिती लिहून घेतली आणि पुढच्या वेळी त्याला घेऊन यायला सांगितले. दुसऱ्या बाईंनी पहिल्याच भेटीत “संबंध तोडा, सुटाल” असा निकाल दिला. आई त्याच घरात राहत असताना मी संबंध कसे तोडू? मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांतून नेमके कोणाकडे जावे, योग्य माणूस ओळखावा कसा आणि मराठीतून ऑनलाइन उपचारांचा उपयोग होतो का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

मानसमित्र

गोदाकाठची ताई, मी पुण्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करतो आणि व्यसनी व्यक्तींच्या घरच्यांशी माझा रोजचा संबंध येतो. आपली ओळख नसल्यामुळे आपल्याविषयी निदानाच्या भाषेत काही बोलणार नाही. शोध कसा घ्यावा, तेवढे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ‘कोडिपेंडन्सी तज्ज्ञ’ अशी पाटी शोधू नका. हा शब्द अमेरिकेतील दारूमुक्ती केंद्रांमधून १९७०-८० च्या सुमारास पुढे आला. १९८६ मध्ये टिमेन सेर्मॅक या मनोविकारतज्ज्ञांनी त्याला व्यक्तिमत्त्व विकाराचा दर्जा द्यावा, असा प्रस्तावही मांडला होता, पण तो स्वीकारला गेला नाही. आज अमेरिकी मनोविकार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानसूचीत किंवा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत असे निदान नाही. म्हणून आपला त्रास खोटा ठरतो असे मुळीच नाही. अर्थ एवढाच की या नावाची कोणतीही अधिकृत पदवी किंवा विशेष परवाना अस्तित्वात नाही आणि तसा दावा करणाऱ्याकडे जरा सावधपणेच पाहावे.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअॅट्रिस्ट, हे एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर असतात आणि औषधे तेच देऊ शकतात. झोप पार उडाली असेल, भूक गेली असेल, छातीत धडधड होत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर आधी त्यांना भेटावे, कारण अशा स्थितीत नुसत्या संवादावर विसंबून राहणे योग्य नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेले असावे लागते आणि त्याचे नाव परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावे लागते. हा सीआरआर क्रमांक विचारण्यात संकोच करू नका. तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळताही येतो. ‘समुपदेशक’ ही पाटी लावायला मात्र अशी सक्ती आजवर नव्हती, त्यामुळे त्या एका शब्दाखाली मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षे देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसेही सापडतात आणि शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम करून दुकान मांडणारीही. तेव्हा शिक्षण कोठे झाले आणि आपल्या कामाची चर्चा ते कोणा वरिष्ठांशी नियमित करतात का, हे दोन प्रश्न पुरेसे बोलके ठरतात.

आता आपल्या दोन अनुभवांविषयी. पहिल्या समुपदेशकांनी आपल्यासमोर बसून आपल्या भावावर उपचार सुरू केले आणि दुसऱ्या बाईंनी आपले ऐकण्याआधीच निर्णय दिला. वरवर पाहता दोघे परस्परविरुद्ध टोकांना वाटतात, परंतु उपचार घेणाऱ्याच्या खुर्चीत दोघांनीही आपल्याला बसू दिले नाही. या प्रकारच्या त्रासात नेमके हेच सांभाळायचे असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बहिणी, बायका आणि आया पहिले अर्धे सत्र घरातल्या पिणाऱ्या माणसाविषयीच बोलतात. कसलेला उपचारक ते सगळे ऐकून घेतो आणि मग विचारतो, “हे घडत होते तेव्हा तुम्ही काय केलेत, आणि ते केले नसते तर तुम्हाला काय वाटले असते?” असा प्रश्न पहिल्या दोन-तीन भेटींत एकदाही आला नाही, तर माणूस बदलण्याचा विचार अवश्य करावा.

फोनवर वेळ ठरवतानाच विचारण्यासारखे आणखी काही आहे. व्यसनी व्यक्तीच्या कुटुंबीयांबरोबर आपण काम केले आहे का? कोणत्या पद्धतीने करता? उत्तरात ‘सीबीटी’ (विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारी पद्धत), ‘स्कीमा थेरपी’ (लहानपणी रुजलेल्या धारणांवर काम करणारी), ‘कौटुंबिक उपचार’ किंवा ‘आरईबीटी’ असे काही येईल. शेवटचे नाव मराठी वाचकांना परके नसावे, कारण अल्बर्ट एलिस यांची ही विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली. ‘मी गेले नाही तर त्याचे काही बरेवाईट होईल आणि ते माझ्यामुळे होईल’ या वाक्यातील प्रत्येक शब्द तपासायला लावणारी ही पद्धत अशा त्रासात उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. याशिवाय अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेली ‘क्राफ्ट’ नावाची पद्धत आहे. तिच्यात घरच्यांनी दारूच्या परिणामांवर पांघरूण घालणे कसे थांबवावे, तो शुद्धीत असताना त्याच्याशी कसे वागावे आणि उपचारांचा विषय कोणत्या क्षणी काढावा, हे शिकवले जाते. भाऊ स्वतः उपचाराला तयार नसतानाही हे काम सुरू करता येते. ‘क्राफ्ट’चे रीतसर प्रशिक्षण घेतलेली माणसे मोजकीच आहेत, पण तिची तत्त्वे ठाऊक असलेली मंडळी व्यसनमुक्ती क्षेत्रात भेटतात. मात्र भावावर उपचार करणारी व्यक्ती आणि आपली उपचारक एकच नसावी.

ऑनलाइनचे म्हणाल तर अडचण पद्धतीची कमी आणि घरातील एकांताची जास्त असते. गाडीत बसून किंवा गच्चीवर जाऊन बोलणारे अनेक जण आहेत. मराठीचा आग्रह जरूर धरा. भिडस्तपणा, अपराधीपणा, ‘लोक काय म्हणतील’ या गोष्टी इंग्रजीतून बोलताना निम्म्या गळून जातात.

शेवटी एक सूचना, जी सहसा कोणी देत नाही. ज्याला दुसऱ्याचे मन राखायची सवय आहे, तो उपचारकाचेही मन राखतो. “आता बरे वाटते”, “तुम्ही सांगितलेले पटले” असे आपण भिडेखातर म्हणाल, गृहपाठही चोख कराल आणि आतून काहीच हलणार नाही. पहिल्याच भेटीत हे त्यांना सांगून ठेवा. चांगला उपचारक त्यावरच काम सुरू करील.

---

अनामिका_ठाणे

ताई, तुमचे ‘शेवटचा ऑनलाइन कधी’ वाचून मी थबकले. माझ्या बाबतीत भाऊ नव्हता, नवरा होता. तो आता पीत नाही, पण मी उपचार घेतले तेव्हा पीत होता, हे मुद्दाम सांगते.

मला दोन गोष्टींची एकत्र मदत झाली. एक म्हणजे अल-अॅनॉनच्या सभा. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही संघटना आज मुंबई-पुण्यात मराठीतूनही सभा घेते. फी नसते, नाव सांगावे लागत नाही, ज्याला जमेल त्याने पेटीत काही टाकावे. तिथे कोणी तज्ज्ञ नसतो आणि कोणी सल्लाही देत नाही, हे सुरुवातीला मला विचित्र वाटले. पण समोरची बाई नवऱ्याच्या खिशातल्या नोटा रोज मोजत होती असे सांगू लागली, तेव्हा मला कोणत्याही सल्ल्याची गरज उरली नाही. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही, जे १९८६ पासून चालू आहे, व्यसनी व्यक्तींच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. तुम्ही बहीण आहात, तेव्हा नातेवाइकांसाठी काय सोय आहे ते फोन करून विचारा. नाशिकहून पुणे तसे फार लांब नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माझ्या थेरपिस्ट. त्यांची एक अट होती: घरी काही झाले म्हणून सत्र रद्द करायचे नाही. मला ते फार कठोर वाटले. एकदा नवरा पिऊन जिन्यात बसलेला, शेजारी दार किलकिले करून पाहत होते आणि मी त्यांना “आज जमणार नाही” असा निरोप टाइप करत होते. त्यांचे उत्तर आले, “या. आज त्याविषयीच बोलू.” मी चपला घातल्या, शेजारच्या काकांना “त्यांच्याकडे जरा लक्ष ठेवा” एवढे सांगितले आणि गेले. परत आले तेव्हा तो स्वतः उठून घरात जाऊन झोपला होता. मी नसतानाही तो घरात जाऊ शकतो, हे मला तोवर खरेच ठाऊक नव्हते.

म्हणून तुम्ही विचाराल ते सगळे विचारा, पण सत्र रद्द करण्याविषयी त्यांचे काय धोरण आहे, हेही विचारून घ्या. आमच्यासारख्यांची गाडी तिथेच अडते. आणि रात्री-अपरात्री कधीही मेसेज करा म्हणणाऱ्यांपासून जपून. ऐकायला छान वाटते, पण आपल्याला नवा उशाशी ठेवायचा फोन नको असतो.

---

जुना_वाचक

विषयाला धरूनच एक शंका मांडतो. बहिणीने भावाची काळजी करणे, आईसाठी धाव घेणे याला आपल्याकडे आजार म्हणण्याची वेळ आली आहे का? प्रत्येक माणसाने आपापले पाहावे, ही पाश्चात्त्य धारणा आपल्या एकत्र कुटुंबांवर लादली जात आहे असे वाटते. उद्या भावाने गळफास लावून घेतला, तर थेरपिस्ट जबाबदारी घेणार आहे का?

---

मानसमित्र

आपल्या शंकेतील पहिला भाग रास्त आहे आणि या संकल्पनेवर तज्ज्ञांनीही तो आक्षेप घेतलेला आहे. पिणाऱ्या पुरुषाऐवजी त्याला सांभाळणाऱ्या बाईवरच विकाराचा शिक्का मारला जातो, ही टीका स्त्रीवादी अभ्यासकांनी फार पूर्वीच केली. म्हणूनच मदत करणे हा मुद्दा मी धरत नाही. मदत थांबवल्यावर काय होते, ते पाहतो. ताईंनी हप्ता भरला नाही तर भावाची गाडी ओढून नेतील, ही झाली गाडीची गोष्ट. पण हप्ता भरला नाही म्हणून त्या रात्रभर जागतात, मुलावर ओरडतात आणि सकाळी कोणाला न सांगता पैसे भरतात, तेव्हा तो प्रश्न त्यांचा झालेला असतो. भावाच्या पाठीशी उभे राहणे आणि त्याच्या पुढे उभे राहून त्याला कशाचीही झळ लागू न देणे, यांत फरक आहे, आणि तो आपल्या जुन्या माणसांनाही चांगला कळत होता.

आत्महत्येचा उल्लेख आपण केलात म्हणून स्पष्ट लिहितो. तशी धमकी किंवा तसे बोलणे भावाकडून आले, तर ते कधीही ‘नाटक’ म्हणून सोडू नये आणि एकट्या बहिणीने अंगावरही घेऊ नये. भारत सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. जीव तत्काळ धोक्यात असेल तर ११२ वर फोन करावा किंवा त्याला थेट रुग्णालयात न्यावे. दारू प्रमाणाबाहेर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, आकडी येऊ शकते, तेव्हा तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

---

कायदा_आणि_घर

मी वकील आहे, मानसशास्त्रातले मला कळत नाही, पण या चर्चेत दोन गोष्टी सुटल्या आहेत.

ताई, त्या दुचाकीच्या कर्जाला आपण जामीनदार आहात का? पतसंस्थेत असल्यामुळे आपल्याला हे माझ्याहून चांगले ठाऊक असेल, तरी लिहिते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी सहसा कर्जदाराइतकीच असते. सही केलेली असेल, तर ‘मी आता हप्ते भरणार नाही’ ही सीमारेषा थेरपीच्या खोलीत कितीही योग्य वाटली तरी बँक ती मानणार नाही. सही नसेल, तर मात्र आपण कायद्याने एक पैसाही देणे लागत नाही. उपचारकाकडे जाण्यापूर्वी कागद काढून पाहा, म्हणजे कोणते ओझे खरे आणि कोणते अंगावर घेतलेले, याची चर्चा नेमकी होईल.

दुसरे आईविषयी. भाऊ घरात आरडाओरडा, मोडतोड किंवा मारहाण करीत असेल, तर ते सहअवलंबित्वाच्या चौकटीत बसवू नका, आणि जो उपचारक तसे करील त्याला सोडा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ हा फक्त पत्नीसाठी नाही. मुलाबरोबर एका घरात राहणारी आईदेखील त्याखाली दाद मागू शकते. महिला हेल्पलाइन १८१ आहे. शिवाय टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष साहाय्य कक्ष आता राज्यातील अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारातच चालतो. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात आणि लगेच गुन्हा दाखल करण्याचा आग्रह नसतो.

---

गोदाकाठची (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. वकीलताई, कागद काढून पाहिले. जामीनदार म्हणून सही माझी नाही, आईची आहे. म्हणजे हप्ते मी भावासाठी भरत नव्हते, आईच्या सहीसाठी भरत होते, आणि हे मला आज कागद हातात घेईपर्यंत सुचलेच नव्हते. मारहाण नाही, पण भांडी आपटणे होते, आणि आई ते मला सांगत नाही, शेजारीण सांगते.

जुना_वाचक काका, आपला राग मी समजू शकते. माझ्या मनातही रोज तेच वाक्य येते.

दोघींशी फोनवर बोलले. एकीने फोनवरच सत्रांचे मोठे पॅकेज आगाऊ भरायला सांगितले. दुसऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत, मराठी बोलतात, ऑनलाइन काम करतात. नोंदणी क्रमांक विचारल्यावर त्यांनी न चिडता पाठवला आणि पहिला प्रश्न “ही वेळ तुम्हाला सोयीची आहे की तुम्ही सोयीची करून घेत आहात?” असा विचारला. त्यांची फी मात्र माझ्या अंदाजापेक्षा जास्त आहे. कमी करा म्हणणे अपमानास्पद होईल का? आणि मी तिथे जे बोलेन ते घरी किंवा आईपर्यंत पोचणार नाही, याची खात्री काय?

---

मानसमित्र

फीविषयी मोकळेपणाने विचारा. अनेक जण उत्पन्नानुसार सवलतीचे काही तास राखून ठेवतात. त्यांना शक्य नसेल तर त्या तसे सांगतील, त्यात अपमान कोणाचाच नाही. दर आठवड्याऐवजी पंधरवड्याला भेटणे हाही मार्ग आहे, फक्त पहिले काही आठवडे भेटी सलग व्हाव्यात. तेही परवडत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात चौकशी करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तिथे अत्यल्प दरात सेवा मिळते, मात्र गर्दीमुळे प्रत्येकाला वेळ कमी मिळतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही फोनवरील सेवाही मधल्या काळात आधार देऊ शकते.

गोपनीयतेचा अधिकार मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने दिलेला आहे. अपवाद मोजके आहेत, मुख्यतः कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हाचे, आणि ते त्यांनी पहिल्याच भेटीत आपल्याला समजावून सांगायला हवेत. सांगितले नाहीत, तर आपण विचारा. आईच्या जामीनकीचा विषयही पहिल्या भेटीतच काढा. आणि सत्राच्या वेळेत फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा असेल, तर ऑनलाइन भेटीसाठी लॅपटॉप वापरा.